दिवेलागणीनंतरचे खेळ : दोन खेळयंत्रांची तुलना

दिवेलागणीनंतर मुलांनीं काय खेळावें, हा प्रश्न शहरांतील वाचकांस किरकोळ वाटेल. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत तो तसा राहिलेला नाहीं. माणिकडोह, वडज, येडगांव, पिंपळगांव जोगें आणि आंबेगांवांतील घोड नदीवरचें डिंभें, हीं कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं. कालव्यांच्या पाण्याबरोबर ऊंस आला, आणि उंसाबरोबर बिबट्या आला. पुरुषाहून उंच अशा त्या गर्द पिकांत त्याला लपावयास जागा मिळाली, मादीला पिलें वाढविण्यास आडोसा मिळाला, आणि भक्ष्य म्हणून वस्तीवरचीं कुत्रीं व शेळ्या हाताशींच होत्या. गेल्या पंचवीस वर्षांत या टापूंत माणसांवरही हल्ले झाले आणि त्यांत लहान मुलें दगावलीं. पकडलेल्या बिबट्यांसाठीं माणिकडोह येथें निवारा केंद्र चालवावें लागतें, यावरून या संकटाची कल्पना यावी. आमच्या लहानपणीं लगोरी, आट्यापाट्या आणि विटीदांडू हे खेळ अंधार पडून विटी दिसेनाशी होईपर्यंत चालत. आतां सूर्य कलला कीं मुलांस हांका मारून आंत घेतात, दाराला कडी लागते, आणि झोपेपर्यंतचे तीन-चार तास घरांतच काढावयाचे असतात.

हे तास कोणीं घेतले, तें सांगावयास नको. शुभंकरोति, परवचा आणि शाळेचा अभ्यास आटोपला कीं मोठ्यांचे मोबाइल मुलांच्या हातीं जातात, आणि एकत्र कुटुंबांतील सहा मुलें सहा कोपऱ्यांत माना खालीं घालून बसतात. घर एक, छप्पर एक, पण खेळ सहा. अशा स्थितींत टी. व्ही. ला जोडावयाचें खेळयंत्र घरीं आणावें कीं काय, आणि आणल्यास दोन नामांकित यंत्रांपैकीं कोणतें आणावें, असें आमच्या परिचयांतील दोन-तीन कुटुंबांनीं आम्हांस विचारलें. योगायोगानें गेल्या मे महिन्याच्या सुटींत दोन्ही यंत्रें आमच्याच घरीं आलीं. पुण्याच्या पुतण्यानें आपलें ‘प्लेस्टेशन ५’ आणलें, आणि परदेशांतून आजोळीं आलेल्या भाचीनें ‘निन्टेंडो स्विच’ आणला. सुटींत आमच्याकडे पंधरा-सोळा पानें मांडावीं लागतात, तेव्हां परीक्षकांची वाण नव्हती. महिनाभर जें पाहिलें तें येथें निःपक्षपातानें सांगत आहों.

दोन घराण्यांची भाऊबंदकी

यंत्रांची परीक्षा करण्यापूर्वीं त्यांचें कूळ पाहणें बरें. निन्टेंडो ही पेढी फुसाजिरो यामाउची यांनीं १८८९ सालीं जपानांतील क्योतो शहरीं काढली, ती ‘हानाफुदा’ नांवाचे पत्ते करण्यासाठीं. या जोडांत बारा महिन्यांचीं बारा फुलझाडें आणि प्रत्येकाचीं चार, अशीं ४८ पानें असतात. आपल्याकडे सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आहे. दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें. तीं आजही तेथें हातानें रंगविलीं जातात, परंतु खेळणाऱ्यांपेक्षां भिंतीवर लावणारेच त्यांचे गिऱ्हाईक अधिक. क्योतोच्या पेढीनें मात्र पत्त्यांवरून खेळण्यांकडे आणि खेळण्यांवरून विजेच्या खेळांकडे मोर्चा वळविला. १९८३ सालीं तिनें ‘फॅमिकॉम’ हें यंत्र काढलें. त्या नांवाचा अर्थच मुळीं ‘कुटुंबाचा संगणक’ असा आहे, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होईल.

दुसरें घराणें सोनीचें. महायुद्धानें उद्ध्वस्त झालेल्या टोकियो शहरांत १९४६ सालीं ही कंपनी उभी राहिली. तिच्या अगदीं पहिल्या उद्योगांपैकीं एक म्हणजे विजेवर भात शिजविण्याचें लांकडी भांडें. भात कधीं कच्चा राही, कधीं करपे. म्हणून तें विक्रीस गेलेंच नाहीं. स्वयंपाकघराचा नाद सोडून कंपनी ध्वनिमुद्रण, रेडिओ आणि टी. व्ही. यांकडे वळली.

हीं दोन घराणीं आरंभीं भागीदार होतीं. निन्टेंडोच्या १९९० सालच्या ‘सुपर फॅमिकॉम’ यंत्रांतील आवाजाचा भाग सोनीचे अभियंते केन कुतारागी यांनीं रचलेला. पुढें त्याच यंत्रास तबकडी वाचणारा भाग जोडावा, असा दोघांत करार झाला. जून १९९१ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत सोनीनें या जोडयंत्राची घोषणा केली, आणि दुसऱ्याच दिवशीं निन्टेंडोनें आपला भागीदार हॉलंडची फिलिप्स कंपनी असल्याचें जाहीर केलें. भर बैठकींत सुपारी फुटल्यावर वरपक्षानें दुसऱ्या घरीं साखरपुडा करावा, तसलाच हा प्रकार. कुतारागी यांनीं हा अपमान गिळला नाहीं. ३ डिसेंबर १९९४ रोजीं सोनीचें स्वतंत्र ‘प्लेस्टेशन’ जपानच्या बाजारांत आलें, आणि त्या पहिल्या यंत्राचेच दहा कोटींहून अधिक नग जगभर खपले. तात्पर्य, आज ज्यांस आपण कट्टर प्रतिस्पर्धी म्हणून तोलतों, त्यांची तेढ ही एका फिसकटलेल्या भागीदारीची आहे. आमच्या तालुक्यांतील बांधांचे दावे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ती ओळखीची वाटेल.

अंगबळ आणि वीज

आतां प्रत्यक्ष यंत्रांकडे वळूं. प्लेस्टेशन ५ हें २०२० च्या नोव्हेंबरांत जगाच्या बाजारांत आलें, आणि भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं. पहिल्या घडणीच्या यंत्राचें वजन साडेचार किलो असून, उभें ठेवल्यास त्याची उंची हातभराला थोडीच कमी भरते. आंत आठ गाभ्यांचा प्रोसेसर, १६ जी. बी. स्मृति आणि ८२५ जी. बी. चा वेगवान संचय आहे. चित्र इतकें स्वच्छ कीं पावसाचा थेंब पानावरून ओघळतांना दिसावा. स्विच त्यामानानें अगदींच किरकोळ देहाचा. २०१७ च्या मार्चमध्यें निघालेल्या या यंत्राची स्मृति ४ जी. बी. आणि संचय ३२ जी. बी. आहे; दोन्ही बाजूंचे कंट्रोलर धरून त्याचें वजन चारशें ग्रॅमच्या आंतच भरतें. त्याला स्वतःचा ६.२ इंचांचा पडदा आहे. खोबणींत बसविला कीं चित्र टी. व्ही. वर येतें; उचलला कीं तेंच चित्र हातांत. याचा धाकटा भाऊ ‘स्विच २’ हा ५ जून २०२५ रोजीं ७.९ इंचांच्या पडद्यासह निघाला आहे. पण आमच्याकडे आला तो पहिलाच होता.

बळाचा निवाडा करावयाचा तर तो एका वाक्यांत संपतो : प्लेस्टेशन पहिलवान आहे आणि स्विच त्याच्यापुढें पोरगा. पण पहिलवानाचा खुराकही पाहिला पाहिजे. भारी खेळ चालूं असतां प्लेस्टेशन सुमारें २०० वॉट वीज घेतें. रोज एक तास धरला तर महिन्याचे ६ युनिट झाले. स्विच टी. व्ही. वर लावूनही दहा-पंधरा वॉटांच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला अर्धा युनिटही नव्हे. टी. व्ही. ची वीज दोहोंस सारखीच.

रकमेपेक्षां आमच्या भागांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, वीज असेलच असें नाहीं. मेच्या तिसऱ्या आठवड्यांत वळवाचा पाऊस आला. सायंकाळीं साडेसातास वीज गेली ती अकरापर्यंत आली नाहीं. त्याच दिवशीं शेजारच्या मळ्यांतील कुत्रें बिबट्यानें नेल्याची वार्ता आली होती, त्यामुळें मुलें आधींच घाबरलेलीं होतीं. प्लेस्टेशन जें विझलें तें विझलेंच. पुतण्याचा जपून न ठेवलेला डाव बुडाला. भाचीनें स्विच खोबणींतून काढला, त्याच्या पाठीची टेकणी उघडून पाटावर उभा केला, आणि कंदिलाच्या उजेडांत चार डोकीं त्याभोंवतीं गोळा झालीं. पहिल्या घडणीच्या स्विचची बॅटरी अडीच ते साडेसहा तास, आणि २०१९ नंतरच्या घडणीची साडेचार ते नऊ तास पुरते. त्या रात्रीं मुलें बिबट्याविषयीं फारसें बोललीं नाहींत.

कोण खेळलें ?

आमच्या मतें खरी कसोटी हीच. यंत्राचें बळ किती, यापेक्षां त्याच्यापुढें किती माणसें बसतात हें एकत्र कुटुंबानें पाहावें.

प्लेस्टेशन सुरू झालें तेव्हां पहिले तीन दिवस सगळें घर सोप्यांत लोटलें. चौथ्या दिवसापासून दोन थोर मुलगे तेवढे राहिले, आणि बाकीचीं पुन्हां आपापल्या कोपऱ्यांत गेलीं. या यंत्राचे नांवाजलेले खेळ बहुधा एकट्यानें खेळावयाचे, मोठ्या कथानकाचे आणि पुष्कळ दिवस चालणारे असतात. उत्तम कादंबरी जशी एकट्यानें वाचावी, तशी त्यांची गोडी आहे. कांहीं केवळ प्रौढांसाठीं असतात. वेष्टनावर वयाचा आंकडा छापलेला असतो तो वडील माणसांनीं वाचावा. पण सर्वच खेळ तसे नाहींत. ‘सॅकबॉय’ हा खेळ चौघांस मिळून खेळतां येतो. २०२१ सालचा ‘इट टेक्स टू’ हा तर दोघांवांचून सुरूच होत नाहीं. काडीमोडाच्या बेतांत असलेलें एक जोडपें बाहुल्यांच्या रूपांत अडकतें, आणि एकमेकांच्या मदतीशिवाय त्यांस पाऊलही टाकतां येत नाहीं, अशी त्याची कथा आहे. आमच्या घरांतील दोन चुलत भावंडें आठ दिवस अबोला धरून होतीं. या खेळानें त्यांस “उडी मार”, “थांब”, “आतां ओढ” एवढें तरी बोलावें लागलें, आणि पुढचें आपोआप झालें.

स्विचच्या पेटींत दोन सुटे कंट्रोलर असतात, त्यामुळें आणल्या दिवसापासून दोघें खेळूं शकतात. ‘मारिओ कार्ट ८’ या मोटारींच्या शर्यतींत एकाच पडद्यावर चौघांस धांवतां येतें. या खेळाच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत, आणि त्याचें कारण आम्हांस पहिल्याच दिवशीं कळलें. गाडी रस्त्याबाहेर जाऊं न देणारी एक सोय त्यांत आहे. ती लावून दिली कीं सहा वर्षांची नात आणि साठीच्या आत्याबाई एकाच शर्यतींत उतरतात. आत्याबाई रोज शेवटच्या आल्या आणि रोज पुन्हां बसल्या.

पण आमच्या घरीं सर्वांत रमली ती एक निराळीच गोष्ट. २०२० सालीं निन्टेंडोनें जगांतील ५१ जुन्या बैठ्या खेळांचा एक संग्रह काढला. त्यांत बुद्धिबळ, लूडो आणि कॅरम आहेत. पत्त्यांत आपल्या बदाम सातच्या जातीचा डाव आहे. पटांच्या यादींत एकांत एक तीन चौकोन पाहतांच आमच्या मातोश्री, ज्यांनीं तोंवर त्या पडद्याकडे ढुंकूनही पाहिलें नव्हतें, चष्मा पुसून पुढें सरकल्या. “अरे, ही तर नवकांकरी !” इंग्रजींत त्याला नांव दुसरें आहे, पण पट तोच : प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या, तीन एका ओळींत आल्या कीं प्रतिपक्षाची एक उचलावयाची. लहानपणीं त्यांनीं तो ओट्यावर कोळशानें आंखून खेळला होता. त्या संध्याकाळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीनें तेरा वर्षांच्या नातवास तीनदां हरविलें. दुसऱ्या दिवशीं नातवानें खडूनें सोप्याच्या फरशीवरच पट आंखला, चिंचोके आणि बांगड्यांचे तुकडे गोळा केले, आणि तो दिवस यंत्र बंदच राहिलें. आमच्या दृष्टीनें स्विचच्या बाजूची ही सर्वांत मोठी साक्ष होय.

खर्च, दुरुस्ती आणि जकात

येथवर पारडें स्विचकडे झुकलें. आतां दुसरी बाजू पाहूं. प्लेस्टेशन ५ भारतांत आलें तेव्हां तबकडीच्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये आणि बिनतबकडीच्या यंत्राची ३९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्यें दोहोंत पांच-पांच हजारांची वाढ झाली. पेटींत कंट्रोलर एकच येतो, आणि दुसऱ्यास सुमारें सहा हजार पडतात. तो न घेणें म्हणजे पाट एक मांडून पंगत बोलावणें होय. एवढें मात्र खरें कीं, हें यंत्र येथें अधिकृत दुकानांत मिळतें, पावती मिळते, आणि बिघडल्यास हमी चालते. तबकडीचें यंत्र घेतल्यास जुने खेळ विकतां येतात, मित्रांशीं बदलतां येतात. म्हणून घ्यावयाचें तर तेंच घ्यावें. शिवाय मोठे खेळ ५० ते १०० जी. बी. चे असतात. ज्या घरीं रोजच्या दोन जी. बी. च्या मोबाइल इंटरनेटवर भागवावें लागतें, तेथें असा एक खेळ उतरविण्यास महिना-दोन महिने लागतील.

स्विचची गोष्ट उलट आहे. २०१७ सालीं तो भारतांत अधिकृत रीतीनें विक्रीस आलाच नाहीं. आपल्याकडे जे दिसतात ते कोणा नातलगानें आणलेले किंवा आयात करणाऱ्या दुकानांतले. अमेरिकेंत त्याची पहिली किंमत ३०० डॉलर होती. येथें दुकानदार सांगेल ती. सातवाहनांच्या काळीं याच जुन्नरच्या बाजारांत नाणेघाटानें परदेशचा माल चढे. घाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण आजही जकातीचा म्हणून दाखवितात, आणि आमच्या लेण्यांत यवनांच्या देणग्यांचे लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीं ज्या गांवीं समुद्रापारचा व्यापार रीतसर चाले, तेथें आज खेळण्यासाठीं परदेशच्या भाचीची वाट पाहावी लागते, हें चमत्कारिक खरेंच. त्यांतही या यंत्राच्या कंट्रोलरची काठी कांहीं काळानें आपोआप सरकूं लागते, अशी तक्रार जगभर झाली. कंपनीच्या अध्यक्षांनीं २०२० सालीं त्याबद्दल क्षमाही मागितली. जेथें अधिकृत दुरुस्ती नाहीं तेथें हा दोष लहान मानतां येत नाहीं.

याच संदर्भांत एक अभिमानाची गोष्ट सांगावीशी वाटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं ‘राजी’ नांवाचा खेळ रचला. आपला धाकटा भाऊ गोलू यास दैत्यांच्या तावडींतून सोडविण्यास निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका, आणि कथेचे निवेदक दुर्गा व विष्णु. हा खेळ ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम स्विचवरच प्रसिद्ध झाला, आणि मग ऑक्टोबरांत इतर यंत्रांवर. पुण्यांत घडलेला खेळ पुणेकरांनीं पाहावा तर यंत्र बाहेरून आणावें लागे ! आतां तो प्लेस्टेशनवरही खेळतां येतो. आमच्या घरच्या मुलींनीं तो दोन्हींकडे खेळून पाहिला, आणि तलवार-त्रिशूळ मुलीच्या हातीं पाहून त्या विशेष संतुष्ट झाल्या.

आमचा निवाडा

कित्येक वडील मंडळी या यंत्रांस जुगाराच्या पंक्तीस बसवितात. तो गैरसमज आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानें बंदी आली. हीं यंत्रें त्या वर्गांतलीं नव्हेत. पण भय अगदींच खोटें आहे असेंही नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या अनावर व्यसनास स्थान दिलें असून, तें २०२२ पासून अमलांत आहे. खेळ आवरतां न येणें, त्यापुढें इतर सर्व कामें मागें पडणें, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूं ठेवणें, हीं त्याचीं लक्षणें. दोन्ही यंत्रांत वेळेची मर्यादा घालण्याची सोय आहे. ती पहिल्याच दिवशीं मुलांसमक्ष लावावी, मागाहून चोरून लावूं नये.

आतां विचारणाऱ्या कुटुंबांस आमचें उत्तर असें. घरांत सहा ते साठ अशा सर्व वयांचीं माणसें असतील, वीज बेभरंवशाची असेल, आणि परदेशांतून आणून देणारें भरंवशाचें माणूस असेल, तर स्विच घ्यावा. ‘कुटुंबाचा संगणक’ हें त्या घराण्याचें जुनें नांव तो अद्याप राखून आहे. घरांत चौदा-पंधरा वर्षांवरचींच मुलें असतील, वीज व इंटरनेट खात्रीचें असेल, आणि हमी-दुरुस्ती हवी असेल, तर प्लेस्टेशन घ्यावें. मात्र त्याच दिवशीं दुसरा कंट्रोलर आणि दोघांनीं मिळून खेळावयाचा निदान एक खेळ घ्यावा. ही जोड परवडत नसेल तर थांबावें, आणि तोंवर चांगला कॅरम आणावा; त्याला वीज लागत नाहीं आणि चौघें बसतात.

कोणतेंही आणलें तरी तें सोप्यांत ठेवावें, निजावयाच्या खोलींत नव्हे. परवचा झाल्यावर सुरू करावें, पानें मांडलीं कीं बंद करावें. एवढ्या नियमांवर आमचा महिना विनातक्रार गेला, आणि त्या अवधींत मोबाइलवरून झालेलीं भांडणें निम्म्यानें कमी झालीं, असें आमच्या वहिनींचें मत आहे. शेवटीं, हें यंत्र बंद दाराआडच्या तीन तासांवरचा उपाय आहे, एवढेंच त्याचें काम. सकाळीं ऊन वर आल्यावर अंगण मुलांचेंच असतें. त्या वेळीं यंत्रावर रुमाल टाकून ठेवावा, आणि एका मोठ्या माणसानें ओट्यावर बसून मुलांस बाहेर खेळूं द्यावें.